घरपोच औषध आणि न दिसणारे बिल

अमेरिकेत मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा कायमच्या दुखण्यावर गोळ्या घेणाऱ्या माणसाला विमा योजनेकडून कधी ना कधी एक पत्र येते. दर महिन्याला दुकानात कशाला खेपा घालता? तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घरी पाठवतो आणि को-पे मात्र दोनच महिन्यांचा घेतो. यात नाही म्हणण्यासारखे काय आहे, असे कुणालाही वाटेल. काही योजनांत तर नाही म्हणायची सोयच नसते. पहिल्या दोन-तीन वेळा दुकानातून घ्या, त्यानंतर टपालानेच घ्यायचे. दुकानात गेलात तर सगळे पैसे तुमचे. लष्करातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या ट्रायकेअर योजनेने ऑक्टोबर २०१५ पासून नेहमी लागणाऱ्या कित्येक ब्रँडेड औषधांना असाच नियम लावला: एकतर टपाल, नाहीतर लष्करी दवाखान्याची फार्मसी.

को-पे म्हणजे औषधाची किंमत नव्हे, हे त्या पत्रात कुठेच लिहिलेले नसते. किमतीतला रुग्णाच्या वाट्याला येणारा तुकडा म्हणजे को-पे. उरलेले पैसे त्याचा मालक, कामगार संघटनेचा निधी किंवा सरकार भरते, आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून, न झालेल्या पगारवाढीतून किंवा करातून ते त्याच्याकडूनच वसूल होतात. म्हणजे रुग्णाला बचत दिसते ती बिलाच्या एका कोपऱ्यात. अख्खे बिल त्याच्यासमोर येतच नाही.

औषध टपालाने पाठवण्यात वाईट काही नाही. माझा आक्षेप आहे तो औषध पाठवणारा, त्याची किंमत ठरवणारा आणि रुग्णाला दुसऱ्या दारी जाऊ न देणारा हे तिघे एकच असण्याला.

टपालाची पद्धत मुळात चांगली चालू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्यसेवा बाह्यरुग्णांची सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स स्वतःच्या स्वयंचलित केंद्रांतून टपालाने पाठवते. डॉक्टर तिचे, नोंदी तिच्या, खरेदीचा भाव तिने सरकार म्हणून घासाघीस करून मिळवलेला. एखाद्या सैनिकाला महागडी गोळी गेली तर या खात्याला नफा होत नाही, उलट खर्च वाढतो. कैसर परमनंटे या संस्थेतही डॉक्टर, विमा आणि फार्मसी एकाच छताखाली आहेत. तिथल्या मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात टपालाने औषध घेणारे ते अधिक नियमितपणे घेतात असे दिसले. टपाल निवडणारा माणूस मुळातच शिस्तीचा असू शकतो, हे मान्य करूनही तो अभ्यास सहज बाजूला सारता येत नाही.

खासगी बाजारातली गोष्ट वेगळी. तिथे मध्ये बसते फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे पीबीएम नावाची कंपनी. कुठले औषध यादीत घ्यायचे, औषध कंपनीकडून किती रिबेट, म्हणजे परतावा, काढायचा, दुकानाला किती पैसे द्यायचे, रुग्णाकडून किती घ्यायचे, हे सगळे मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या वतीने पीबीएम ठरवते. पैसे भरणाऱ्याच्या बाजूने भाव पाडणारा अडत्या, अशी तिची मूळ भूमिका. पण टपालाची फार्मसी तिची स्वतःची असते, म्हणजे अडत्याचे स्वतःचेच दुकान, आणि गिऱ्हाइकाला त्या दुकानात पाठवण्याचा अधिकारही त्याच्याच हातात.

या धंद्यातले हितसंबंध किती जुने आहेत ते मेडको या कंपनीच्या प्रवासात दिसते. पीबीएम आणि टपाल-फार्मसी दोन्ही असलेली ही मोठी कंपनी १९९३ मध्ये मर्क या औषध कंपनीने विकत घेतली. औषध बनवणाराच, कुठले औषध लोकांना जावे हे ठरवणाऱ्याचा मालक झाला. २००३ मध्ये मेडको वेगळी झाली. टपालाने जाणाऱ्या गोळ्या कमी भरणे, वेळेत न पाठवल्याचा दंड चुकवण्यासाठी आलेल्या ऑर्डरीच रद्द करणे असे आरोप तिच्यावर होते. २००६ मध्ये तिने सरकारशी १५ कोटी ५० लाख डॉलर्सला तडजोड केली, गैरकृत्य मात्र कबूल केले नाही. २०१२ मध्ये एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स या दुसऱ्या पीबीएमने तिला २९ अब्ज डॉलर्सला घेतले, आणि २०१८ मध्ये सिग्ना या विमा कंपनीने एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सलाच घेतले. त्याच वर्षी औषध दुकानांची साखळी आणि केअरमार्क ही पीबीएम चालवणाऱ्या सीव्हीएसने एटना ही विमा कंपनी घेतली. युनायटेडहेल्थ या विमा कंपनीकडे ऑप्टमआरएक्स ही पीबीएम आधीपासून होतीच. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या जुलै २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्सचा हिशेब या तीन पीबीएमकडून होतो. तिघींनाही एकेक विमा कंपनी जोडलेली आहे, टपालाची फार्मसी आहे आणि महागड्या औषधांसाठीची ‘स्पेशल्टी’ फार्मसीही आहे.

आता कंत्राट कसे बांधतात ते पाहू. कारण मालकाच्या कचेरीत बसलेला हुशार माणूसही इथेच फसतो.

आकडे समजण्यापुरते घ्या. एका जेनेरिक औषधाच्या ९० गोळ्यांची छापील यादीतली किंमत ३०० डॉलर्स. कंत्राट म्हणते, टपालाने घेतल्यास यादीच्या किमतीवर ८० टक्के सूट आणि गोळ्या भरून देण्याची फी शून्य. दुकानासाठी सूट थोडी कमी, वर दर खेपेला फी. कागदावर टपाल स्वस्त, आणि सही होते. टपालाच्या फार्मसीला मिळतात ६० डॉलर्स. पण त्या ९० गोळ्या घाऊक बाजारात ६ डॉलर्सना पडतात. रुग्ण को-पे म्हणून २० डॉलर्स देतो, तेच औषधाच्या खरेदीच्या तिपटीहून अधिक झाले. वरचे ४० मालक भरतो, आणि दोघेही खूश! यादीतली किंमत प्रत्यक्षात कुणीच देत नाही. ती मुळात फुगवलेली असते, त्यामुळे तिच्यावरची सूट कितीही मोठी दिसू शकते.

यात आणखी एक मेख असते. कबूल केलेली सूट बहुधा सगळ्या जेनेरिक औषधांची मिळून सरासरी असते. एका गोळीवर ९५ टक्के आणि दुसरीवर ५० टक्के सूट दिली, तरी वर्षाअखेरीस सरासरी जुळते. दुसरी गोळी ज्याच्या वाट्याला आली, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, पूर्ण होईपर्यंत ज्याला पूर्ण भाव भरावा लागतो, त्याला सरासरीचा काय उपयोग? गल्लीतल्या दुकानाला मात्र पीबीएम जेनेरिकसाठी कमाल दराची यादी लावते आणि तो दर खरेदीच्या भावाला टेकवून ठेवते. कित्येक कंत्राटांत ती यादी टपालाला लागूच नसते. स्वतःच्या दुकानाला कोण कात्री लावेल?

ही केवळ शंका नाही. कॅन्सरवरची इमॅटिनिब आणि अबिराटेरोन ही दोन जेनेरिक औषधे घ्या. फेडरल ट्रेड कमिशनच्या त्याच अहवालात आहे की पीबीएमशी जोडलेल्या फार्मसींना या दोनच औषधांवर, तीन वर्षांपेक्षा कमी काळात, दुकानांच्या सरासरी खरेदी भावापेक्षा जवळजवळ १ अब्ज ६० कोटी डॉलर्स जास्त मिळाले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या अहवालात ५१ स्पेशल्टी जेनेरिक औषधे पाहिली गेली. २०१७ ते २०२२ या काळात या फार्मसींची खरेदी भावावरची जास्तीची कमाई ७ अब्ज ३० कोटी डॉलर्स निघाली. यातली कित्येक औषधे रुग्णाला टपालानेच येतात. दुकानात चौकशी करावी तर योजना तिथे पैसे भरत नाही.

जॉन्सन अँड जॉन्सनमधल्या एका महिला कर्मचाऱ्याने २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच कंपनीवर तिच्या आरोग्य योजनेबद्दल दावा लावला. मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या टेरिफ्लुनोमाइड या जेनेरिकच्या ९० गोळ्यांना योजना १० हजार डॉलर्सहून अधिक मोजते, आणि विमा न वापरता त्याच गोळ्या दुकानांत २८ ते ७७ डॉलर्सना मिळतात, असे तिचे म्हणणे. पीबीएमच्या टपाल-फार्मसीतून घेतल्यास रुग्णाला थोडे स्वस्त पडावे अशी रचना योजनेने केली, आणि योजनेचा स्वतःचा भाव तिथेच जास्त होता, हाही आरोप त्यात होता. दावा करण्याचा तिला हक्कच पोचत नाही, म्हणून न्यायालयाने त्यातले मुख्य आरोप जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले. भाव योग्य की अयोग्य, हा प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही.

टपालविरोधी आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एका विश्लेषणाचा २०२४ मध्ये बराच गाजावाजा झाला. ब्रँडेड औषधांच्या खरेदी भावावर टपाल-फार्मसी चढवते तो वाढावा स्वतंत्र दुकानांच्या सुमारे ३५ पट, असे त्यात होते. ते विश्लेषण फार्मसिस्टांच्या संघटनेने करून घेतलेले, म्हणजे हितसंबंध त्यांचाही आहेच. शिवाय लहान दुकानाला ब्रँडेड औषधात जेमतेम काही सुटते, कधी पदरचे घालावे लागते. इतक्या छोट्या आकड्याच्या ३५ पट म्हणजे किमतीच्या ३५ पट नव्हे. पण बाण कुठल्या दिशेला आहे ते कळते, आणि सरकारी अहवालातला बाणही त्याच दिशेला आहे.

पैशांबद्दल एवढे पुरे. आता ज्याच्या दारात पार्सल पडते त्याच्याकडे वळू.

बहुतेक गोळ्या २० ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, थोडा वेळ १५ ते ३० चालते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत. एकदा गोठले की ते टाकून द्यायचे. बाहेर काढल्यावर बहुतेक प्रकार महिनाभरच, तेही ३० अंशांच्या आतच टिकतात. आणि अमेरिकी टपाल खात्याच्या डब्यासारख्या पांढऱ्या गाड्या, ग्रमन कंपनीने १९८७ ते १९९४ दरम्यान बांधलेल्या, त्यांत एसी नाही. नव्या गाड्या येत आहेत, पण जुन्या अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत. जुलैत फिनिक्ससारख्या शहरात बाहेरच ४३-४४ अंश असतात. गाडीत किती, आणि दुपारभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत किती, याची कल्पना करा. जानेवारीत मिनेसोटात उलटा प्रकार. कारखान्यापासून घाऊक विक्रेत्यापर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत तापमानाच्या नोंदी ठेवतात. दुकान ते घर या शेवटच्या टप्प्याला देशभर एकसारखा काटेकोर नियम नाही, तो ज्या त्या राज्याच्या फार्मसी बोर्डावर. पार्सल उघडल्यावर बर्फाची पिशवी वितळलेली आणि कोमट लागली, तर आतले पेन चांगले की वाईट? खराब झालेले इन्सुलिन डोळ्यांना बहुधा चांगल्यासारखेच दिसते. फोनवरच्या माणसाला ते सांगता येत नाही, रुग्णालाही नाही. दोन-तीन दिवसांनी वाढलेली साखर सांगते, तीही नक्की नाही. माणूस स्वतःच्या जेवणालाच दोष देतो.

उशीर ही दुसरी डोकेदुखी. २०२० च्या उन्हाळ्यात टपाल खात्यातल्या काटकसरीने पार्सले रखडली, तेव्हा औषधांसाठी त्यावर विसंबलेल्यांचे काय हाल झाले ते बातम्यांत आले. ऑक्टोबर २०२१ पासून फर्स्ट क्लास टपालाची अधिकृत मुदतच तीन दिवसांवरून पाच दिवसांवर नेली. उशीर नियमातच बसवला म्हणायचा! समजा पार्सल हरवले. संध्याकाळी गोळी संपली म्हणून माणूस जवळच्या दुकानात जातो. फार्मसिस्ट संगणकावर प्रिस्क्रिप्शन टाकतो, आणि पडद्यावर येते, रिफिल टू सून, म्हणजे पुन्हा औषध घ्यायची वेळ अजून आलेली नाही. कारण टपालाच्या फार्मसीने पार्सल निघाले त्याच दिवशी विम्याकडून पैसे घेतलेले असतात, आणि संगणकाच्या मते रुग्णाच्या घरात ९० गोळ्या पडलेल्या आहेत. मग पीबीएमला फोन. तिथे टपाल-फार्मसीकडे बोट, तिथे कुरियरकडे. कधी डॉक्टरकडून नवे प्रिस्क्रिप्शन. काउंटरवरचा फार्मसिस्ट चार गोळ्या उसन्या देतो, हिशेब नंतर पाहू म्हणतो. ज्या दुकानाचे गिऱ्हाईक पत्राने तोडले, तेच दुकान अडल्या वेळी त्याची नड भागवते, आणि या कामाचे पैसे त्याला कुणी देत नाही.

डोस बदलला की तीन महिन्यांचा साठा अंगावर येतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घ्या. रक्त तपासून त्याचा डोस कमी-जास्त करावा लागतो. ५ मिलिग्रॅमच्या ९० गोळ्या आज घरी आल्या आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले ४ घ्या. आता दोन बाटल्या शेजारी शेजारी, गोळ्यांचे रंग वेगळे, घरात सत्तरीचा माणूस आणि अंधुक नजर. वाया गेलेल्या गोळ्यांचे पैसे योजनेने भरलेले असतात, कारण एकदा घरी गेलेले औषध परत विकता येत नाही. आपोआप रिफिल पाठवण्याच्या सोयीत हा प्रकार वाढतो. बंद केलेले औषध येतच राहते, माणूस वारला तरी येते. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेने २०१४ मध्ये यासाठीच नियम केला की दर वेळी पाठवण्याआधी रुग्णाला विचारा. पुढे तो सैल झाला.

घराबाहेर पडता न येणारे, दुकानापासून ऐंशी मैल दूर राहणारे, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराचे औषध ओळखीच्या काउंटरवर मागायला संकोचणारे, यांना टपाल हवेच. त्यांचे टपाल काढून घ्या असे कुणी म्हटले तर मी विरोधच करीन. पीबीएमच्या संगणकाला वेगवेगळ्या दुकानांतली प्रिस्क्रिप्शन्स एकत्र दिसतात आणि त्यावरून तो एकमेकांना मारक औषधांचा इशारा देऊ शकतो, हेही खरे. मात्र रोखीने घेतलेली गोळी, वेदनाशामक, आयुर्वेदिक काढा त्याला दिसत नाही. ते विचारायला समोर माणूस लागतो. उद्योजक मार्क क्यूबन यांची कॉस्ट प्लस ड्रग्ज कंपनी जानेवारी २०२२ पासून चालू आहे आणि तीही टपालानेच औषध पाठवते. ती खरेदीचा भाव दाखवते, त्यावर १५ टक्के वाढावा, गोळ्या भरायचे आणि पाठवायचे ठराविक डॉलर्स वेगळे, सगळे उघड छापलेले. उन्हातली पेटी तिच्याही पार्सलच्या नशिबी आहेच, पण बिल लपवावे लागत नाही.

सक्तीचा परिणाम दुकानांवरही दिसतो. २०१३ ते २०२२ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे १० टक्के स्वतंत्र औषध दुकाने बंद पडली, असे कमिशनच्याच अहवालात आहे. रोज लागणाऱ्या गोळ्यांचे नियमित गिऱ्हाईक हा दुकानाचा कणा. तेच पत्राने ओढून नेले, तर रात्रीच्या तापाला अँटिबायोटिक देणाऱ्या त्या एकट्या काउंटरचे भाडे कशातून निघणार? दुकाने बंद होण्याला इतर कारणे आहेतच, राइट एड साखळी तर मुख्यतः कर्जात आणि ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या, खटल्यांत बुडाली. पण गावातले दुकान गेले की पुढच्या वर्षी टपाल हा एकच पर्याय उरतो, आणि मग त्याला ‘रुग्णांची पसंती’ म्हणून दाखवतात.

कायद्याने काय झाले? मेडिकेअरच्या २००३ च्या कायद्यातच तरतूद आहे की टपालाने मिळतो तितका साठा दुकानातूनही घेता आला पाहिजे. फक्त खर्चातला फरक रुग्णाने भरावा लागू शकतो, आणि तो फरक किती हे ठरवते योजना. आर्कान्सा राज्याने दुकानाला खरेदी भावापेक्षा कमी पैसे देण्यावर बंदी घातली. ती डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध शून्य मतांनी टिकली. २०२५ मध्ये त्याच राज्याने पीबीएमने फार्मसी बाळगूच नये असा कायदा केला, आणि त्याला जुलैत केंद्रीय न्यायालयाने स्थगिती दिली. मला तो कायदा थोडा आडमुठा वाटतो. फार्मसी विकायला लावली तर ज्यांना टपाल खरेच हवे त्यांचे मधल्या काळात काय, याचे नीट उत्तर त्यात नव्हते. मालकी तोडण्याआधी सक्ती तोडता येते: ९० दिवसांचे औषध कुठेही घ्या, को-पे तोच. दुकाने तो भाव परवडवून दाखवतील का, हे मग बाजारालाच ठरवू द्यावे.

पैसे भरणाऱ्यांना तर कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. दुकानांच्या खरेदी भावाची सरासरी मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या योजना पाहणारे सरकारी खाते २०१३ पासून दर आठवड्याला फुकट प्रसिद्ध करते. कंत्राटात यादीच्या किमतीवरची सूट लिहिण्याऐवजी या सरासरीवर किती वाढावा, ते लिहून मागता येते. टपालाला आणि दुकानाला एकच दर लागू करा असे म्हणता येते. प्रत्येक पार्सलची किंमत पाहण्याचा हक्क मागता येतो. पीबीएमने ‘ही व्यावसायिक गुपिते आहेत’ म्हणून नकार दिला, तर पुढच्या कंत्राटासाठी दुसरी कंपनी शोधायची. मोठ्या मालकांच्या हातात हे आहे. त्यांचे सल्लागारच कित्येकदा पीबीएमकडून दलाली घेत असतात, म्हणून पहिला प्रश्न सल्लागारालाच विचारावा लागतो: या सहीचे तुम्हाला किती मिळतात?